उपवासकाळ: पोट उपाशी, पण जिभेचं काय?

(या भागाचा लेखी मजकूर. इयरफोन जवळ नसेल तर वाचा, असेल तर ऐका. बोललो तसंच लिहिलंय, फक्त अडखळलेलं काढून टाकलंय.)

गोंदियातून बोलतोय. सकाळचे साडेपाच वाजलेत. मागे धडधड ऐकू आली तर घाबरू नका, मालगाडी आहे. आमचं घर रेल्वे लाईनला लागून आहे. इतक्या सकाळी का रेकॉर्ड करतोय, ते शेवटी सांगतो.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. मी एका राईस मिलच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतो. यंदा १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली. आमच्यातले बरेच जण प्रतापगडच्या यात्रेला जाऊन आले होते, त्यांचे उपवास नुकतेच सुटले होते. तीनच दिवसांनी, बुधवारी १८ तारखेला, मी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामावर पोचलो. एकाने विचारलं, "कपाळाले का लागलं रे?" मी म्हटलं, आजपासून आमचा उपवासकाळ सुरू. लगेच दुसरा प्रश्न आला, "मग तुमच्या उपवासाले साबुदाणा चालते का?"

मी हसलो आणि सांगितलं, साबुदाणा चालतो, भात चालतो, वरणही चालतं. तो म्हणाला, "मग उपवास कायचा?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

चाळीस दिवस कसे मोजायचे?

आधी हिशेब करू, तो माझा धंदाच आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस होतात. यंदा १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल. मधले सहा रविवार वजा करा, उरले ४०. रविवार का वजा करायचे? कारण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस आहे, म्हणजे दर आठवड्याचा छोटा ईस्टर. त्या दिवशी उपवास धरत नाहीत.

चाळीसच का? कामाला सुरुवात करण्याआधी येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहिला, असं शुभवर्तमानात आहे. तिथे त्याला मोह झाले. पहिला भाकरीचा, मग लोकांसमोर चमत्कार करून दाखवण्याचा, आणि साऱ्या जगाच्या सत्तेचा. क्रम बघा. भूक पहिल्याच मोहात येऊन गेली. पुढचे दोन पोटाचे नव्हतेच, ते होते मोठेपणाचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कपाळावरची राख कुठून येते तेही सांगतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती करतात. ज्या झावळ्या हातात घेऊन जयजयकार केला, त्यांचीच राख कपाळाला.

नियम नेमका काय आहे?

मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्या चर्चचा नियम सांगतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये हे बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेलं असतं.

आमच्याकडे सक्तीच्या उपवासाचे दिवस वर्षातून फक्त दोन: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, आणि गरज वाटली तर दोनदा थोडंसं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. पाण्याला कुठेही बंदी नाही. औषधालाही नाही. हा उपवास १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना ते साठावं वर्ष लागेपर्यंत लागू आहे. मांस न खाण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो, त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला यातून सूट आहे.

मासळी मांसात धरत नाहीत. आता आपला जिल्हा तलावांचा. शुक्रवारी मटण बंद म्हणून कोणी तलावावरून ताजे झिंगे आणून झणझणीत रस्सा केला, तर नियम मोडत नाही. पण उपवास झाला का? आपल्याकडे म्हणतातच ना, एकादशी अन् दुप्पट खाशी. ती म्हण आम्हालाही तेवढीच लागू पडते.

हे सगळे नियम मला तीन वर्षांपूर्वी माहीत असते, तर पुढची गोष्ट घडली नसती.

७ एप्रिल २०२३

ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आहे. तिला विचारूनच सांगतोय.

तिला सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात हा शब्द नवा नाही. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, कितीतरी घरांत हा आजार आहे. रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. अडकल्या की असह्य दुखतं. अंगातलं पाणी कमी झालं की हा त्रास उसळायची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टर तिला दर वेळी एकच गोष्ट बजावतात: पाणी पीत राहा.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच चाळीस दिवस नाश्ता सोडला होता. मोठा पराक्रम केल्यासारखा वागत होतो. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर रोज दिवसाचा आकडा टाकायचो. दिवस १२, दिवस १३. घरात मात्र चिडचिड. चहा गार झाला म्हणून आईवर ओरडलो. आणि एक दिवस बहीण पोहे खात बसली होती तेव्हा तिला म्हणालो, "तुझं बरं आहे. तुला काही सोडायलाच नको."

गंमत म्हणून बोललो होतो. तिने ते मनात ठेवलं.

गुड फ्रायडेला तिने कोणाला न सांगता निर्जळ उपवास धरला. गुरुवारच्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, गोळीही नाही. एप्रिलचं ऊन कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती झाली, चौदा स्थानं, सगळी उघड्यावर. दुपारी तीनला पुन्हा भक्ती. तिथे ती खाली बसली आणि उठलीच नाही. दोन्ही पाय धरून नुसती रडत होती. आई विचारत होती, "काऊन गं, का झालं?" तिला बोलता येत नव्हतं.

तीन रात्री दवाखान्यात काढल्या. सलाईन, वेदनाशामक इंजेक्शनं. ईस्टरची मिस्सा आमच्या घरातल्या कोणालाच मिळाली नाही.

शनिवारी फादर भेटायला आले. त्यांनी तिला वय विचारलं. सतरा. ते म्हणाले, "बेटा, या नियमात तू बसतच नाहीस. अठराची नाहीस, आणि आजारी आहेस. तुला कोणी सांगितलं?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीच सांगितलं, मी बोललो होतो म्हणून.

फादर मला रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तू काय सोडलंस या वर्षी?"

"नाश्ता."

"आणि जीभ?"

मला उत्तर देता आलं नाही. बहिणीला मात्र ते म्हणाले की तिची शिस्त वेगळी आहे. कंटाळा आला तरी वेळेवर पाणी आणि वेळेवर गोळी, तोच तिचा उपवासकाळ. तिने ते अगदी मनावर घेतलं. आज तिच्या मोबाईलमध्ये पाण्याचे अलार्म आहेत आणि ती एकही चुकवत नाही. आमच्या घरात सगळ्यात कडक शिस्त तिचीच.

मग उपवास कायचा?

दवाखान्याच्या बाकावर बसून मी फादरांनी सांगितलेला भाग वाचला. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय. तिथे लोक तक्रार करतात की आम्ही उपवास करतो, तरी देव लक्ष का देत नाही. त्यांना मिळालेलं उत्तर माझ्या शब्दांत सांगतो: उपवासाच्या दिवशीच तुम्ही भांडता आणि मजुरांना राबवून घेता. देवाला हवा असलेला उपवास म्हणजे दबलेल्याला मोकळं करणं, आपल्या ताटातलं भुकेल्याला देणं.

आणि मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उपवास करताना तोंड उतरवून फिरू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. माझं 'दिवस १२' वालं स्टेटस आठवलं आणि लाज वाटली. त्याच रात्री डिलीट केलं. चोवीस तासांत ते तसंही गेलंच असतं म्हणा.

तर माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर असं: उपवास म्हणजे पोटाला थोडं थांबायला शिकवायचं, म्हणजे राग, जीभ आणि हातही थांबायला शिकतील. पोटावर सराव करायचा, कारण ते रोज हाक मारतं. पण सराव पोटापाशीच थांबला आणि घरातली माणसं आपल्याला घाबरून राहू लागली, तर ते नुसतं उपाशी राहणं झालं.

आपल्याच लाईनवरची एक आठवण सांगतो. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. ती लाईन गोंदियावरूनच जाते. त्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला अभंग आणि भजनं दिली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, जिथे ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती एकत्र येऊ शकतील. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्यांनी सोडलं ते कोणासाठी तरी, म्हणून ते मला मोठं वाटतं.

आता करायचं काय? माझं गणित

पहिलं, एकच गोष्ट धरा आणि तिला वेळ ठरवा. "फोन कमी वापरीन" याला अर्थ नाही. "रात्री दहा ते सकाळी पाच फोन आईच्या खोलीत" हे मोजता येतं. म्हणूनच हा भाग सकाळी साडेपाचला रेकॉर्ड होतोय, मंडळी! रात्री फोन माझ्याजवळ नसतो.

दुसरं, वाचलेले पैसे वेगळे ठेवा. रोजचा २० रुपयांचा नाश्ता सोडला तर चाळीस दिवसांचे ८०० रुपये होतात. ते पैसे शेवटी स्वतःच्याच रिचार्जला गेले तर तो उपवास नाही, बचत योजना झाली. कोणाला तरी द्या. कॅरिटास इंडियासारख्या संस्था उपवासकाळात भूक आणि आजाराविरुद्ध मोहीम चालवतात. नाहीतर शेजारच्या घराकडे बघा. गुपचूप द्या.

तिसरं, ज्याला आपल्यामुळे त्रास होतो त्याच्यापासून सुरुवात करा. मिलमध्ये शनिवारी हमालांचा हप्ता निघतो. पूर्वी मी रील बघत बसायचो आणि हिशेब लांबायचा. दिवसभर पोती वाहिलेली माणसं बाहेर ताटकळायची. घरी बाजार करायचा असायचा त्यांना. यंदा ठरवलंय, त्यांचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय फोनला हात नाही. गेल्या शनिवारी ते पाचच्या आत घरी गेले. कोणी काही बोललं नाही, त्यांना कारण माहीतही नाही.

चौथं, मोडलं तर पुन्हा धरा. माझं दुसऱ्याच आठवड्यात मोडलं, क्रिकेटची मॅच होती. दुसऱ्या दिवशीपासून परत सुरू केलं.

आणि पाचवं, हे हात जोडून सांगतो. सिकलसेल, शुगर, बीपी, गरोदरपण, कुठलंही रोजचं औषध असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका. पाणी तर अजिबात तोडू नका. सिकलसेलची तपासणी केली नसेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन करून घ्या. १ जुलै २०२३ पासून त्याची राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे. आणि घरात कोणी उपवास करत नसेल तर त्याला टोमणा मारू नका. माझ्या एका वाक्याची किंमत बहिणीने तीन रात्री मोजली.

अर्धा उपवासकाळ संपत आलाय. देवरी-सालेकसाच्या जंगलात मोहफुलं पडायला लागली असतील. गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे, ईस्टर ५ ला. अजूनही काही धरलं नसेल तर आजपासून धरा, उशीर झालेला नाही. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, तुमच्याकडे उपवासात नक्की काय सोडतात आणि का, ते व्हॉईस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.

थांबा, बहिणीचा अलार्म वाजतोय. तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरतो. भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार!