लॅब टाकायची खरी, पण रिपोर्टवर सही कोणाची?

बाजाराच्या कुठल्याही गावात एस. टी. स्टँडवर उतरून दवाखान्याच्या रस्त्याला लागलं, की कृषी सेवा केंद्र, मोबाईलचं दुकान आणि त्यांच्या शेजारी 'क्लिनिकल लॅबोरेटरी' अशी पाटी हमखास दिसते. रक्त-लघवी तपासायची सोय गावात आली, हे चांगलंच झालं. साखरेच्या रोग्याने उपाशीपोटी रक्त द्यायचं, जेवून दोन तासांनी पुन्हा द्यायचं, आणि त्यासाठी तालुक्याला पहिल्या गाडीने जाऊन शेवटच्या गाडीने परतायचं, म्हणजे एका तपासणीपायी दिवसाची मजुरी बुडाली. बाळंतपणाला टेकलेल्या बाईची, तापाने फणफणलेल्या पोराची तर गोष्टच वेगळी.

बारावी सायन्सनंतर डी.एम.एल.टी.चा कोर्स करून आलेली मुलंही आता बऱ्याच गावांत आहेत. शहरातल्या लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर वर्ष-दोन वर्षं काढली की पोरगं घरी म्हणतं, ''आबा, रस्त्याकडंचं एकरभर काढू, आपली स्वतःची लॅब टाकतो.'' आबा सरपंचांकडे जातात, ग्रामपंचायतीचा गाळा मिळतो का बघायला. सरपंच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांनाच, विचारतात. ते ना हरकत दाखल्याचा नमुना शोधतात. तोवर मशीनवाल्या कंपनीचा माणूस घरी चहा पिऊन गेलेला असतो. या धावपळीत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि तोच आधी विचारायला हवा. रिपोर्टवर सही कोण करणार?

आधी सही, मग मशीन

डी.एम.एल.टी. झालेला तंत्रज्ञ रक्त काढतो, मशीन चालवतो, आकडा काढतो. त्याच्या हाताला कौशल्य असतं, यात वाद नाही. पण अहवालावरची सही ही वेगळी जबाबदारी आहे. गुजरातेत स्वतःच्या लॅब चालवणाऱ्या तंत्रज्ञांची संघटना आणि पॅथॉलॉजिस्टांची संघटना यांच्यात यावरून मोठा झगडा झाला. तिथल्या उच्च न्यायालयाचा निकाल २०१० साली तंत्रज्ञांच्या विरोधात गेला. प्रकरण दिल्लीला गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी सांगून टाकलं की प्रयोगशाळेच्या अहवालावर प्रतिस्वाक्षरी करायची ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच.

आपल्याकडे काहींचा समज असा, की लॅबला कसलाच कायदा नाही. तो कुठून आला ते समजण्यासारखं आहे. केंद्राने २०१० साली दवाखाने व प्रयोगशाळांच्या नोंदणीचा कायदा केला, पण तो ज्या राज्यांनी स्वीकारला तिथंच लागू होतो. महाराष्ट्राने १९४९ सालच्या आपल्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचाच आधार ठेवला आणि २०२१ साली त्याचे नियम सुधारले. या फटीतून गावोगाव पाट्या लागल्या. पण सहीचा प्रश्न त्या फटीत बसत नाही. उद्या चुकीच्या रिपोर्टवरून कोणाच्या जिवावर बेतलं आणि प्रकरण पोलिसांत किंवा ग्राहक मंचात गेलं, तर पहिला कागद मागतील तो सहीचाच.

मग पोराने करायचं काय? वाटा आहेत. जिल्ह्याच्या गावच्या पॅथॉलॉजिस्टशी भागीदारी करावी. ते ठरलेल्या दिवशी येतील, नमुने व मशीनची नोंदवही पाहतील, रिपोर्ट तपासून सही करतील. किंवा गावातल्या बऱ्यापैकी चालणाऱ्या हॉस्पिटलची लॅब सांभाळावी. किंवा मोठ्या लॅबचं नमुना संकलन केंद्र घ्यावं. त्यात रक्त इथं काढायचं, नळ्या थंड डब्यातून पाठवायच्या, रिपोर्ट तिकडून येतो आणि ठरलेला वाटा आपल्याला मिळतो. वाटा कमी असतो, पण जमीन विकावी लागत नाही. नवख्याने वर्षभर केंद्र चालवून गावात रोज किती नमुने मिळतात ते वहीत मांडावं आणि मग मशीनचा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक वाट मात्र धरू नये. शे-दोनशे किलोमीटरवर बसलेल्या डॉक्टरची सही महिन्याच्या भाड्याने घ्यायची, तिचा शिक्का किंवा कॉम्प्युटरमधली सही आपल्याच टेबलावर ठेवायची, आणि ज्या डॉक्टरने नमुना पाहिलाच नाही त्याच्या नावाने रिपोर्ट द्यायचा. हा धंदा चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पकडला गेला की डॉक्टर जातो परिषदेपुढे आणि पोरगं जातं फौजदाराकडे.

काटा खरा आहे का?

लॅब म्हणजे काय हे शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. डेअरीत फॅट लावतात, कारखान्यावर उसाचा काटा होतो. काटा मारला तर काय होतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. लॅब हा माणसाच्या रक्ताचा काटा आहे. वजनकाटा खरा की खोटा हे पाहायला वजनमाप खात्याचा माणूस प्रमाणित वजन ठेवून बघतो ना, तसंच लॅबमध्ये 'कंट्रोल' नावाचं द्रव असतं. त्यात साखर किती, युरिया किती, हे आधीच माहीत असतं. रोज सकाळी पहिल्या रोग्याच्या आधी ते मशीनला लावायचं. आकडा मर्यादेत आला तर कामाला सुरुवात, नाहीतर मशीन दुरुस्त होईस्तोवर बंद. त्याशिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था देशभरच्या लॅबना तपासणीसाठी नमुने पाठवतात आणि तुमचा आकडा इतरांशी ताडून पाहतात. त्याची फी भरून नाव घालावं. कंट्रोलला पैसे लागतात आणि त्याचं बिल कोणत्याही रोग्याकडून वसूल होत नाही, म्हणून काटकसर सुरू झाली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते.

मशीनच्या आधीही चूक होते. नळ्यांची टोपणं रंगीत असतात ती शोभेला नाहीत. हिमोग्लोबिन व पेशींसाठी जांभळी, साखरेसाठी करडी, रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी फिकी निळी. साध्या नळीतलं रक्त तसंच ठेवलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. सकाळी वाडीवर काढलेलं रक्त दुपारी मशीनला लागलं, तर साखरेचा रोगी कागदावर ठणठणीत दिसतो! करड्या टोपणाच्या नळीतलं फ्लोराईड हे थांबवतं, पण तेही लगेच नाही. म्हणून रक्त लवकर फिरवून पाणी वेगळं करणं उत्तम. रिएजंट दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असतात. गावठाण फीडरची वीज रात्री चार तास गेली आणि फ्रीज कोमट झाला, तर सकाळी मशीन आकडा देतंच. फक्त तो खरा नसतो. इन्व्हर्टर आणि फ्रीजमध्ये तापमापक ही चैन नव्हे.

काही तपासण्यांबद्दल रोग्यांनीही जाण ठेवावी. 'टायफॉइडची टेस्ट' म्हणून गावोगाव जी विडाल होते, ती आपल्याकडे एकदाच करून भरवशाची ठरत नाही. जुन्या तापाच्या खुणाही त्यात उमटतात. डेंग्यूची एन.एस.१ तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, नंतर दुसरी करावी लागते. रक्तातून क्षयरोग सांगणाऱ्या अँटिबॉडी चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ सालीच बंदी घातली. त्याच वर्षी क्षयरोग्याची माहिती शासनाला कळवणं खासगी डॉक्टर व लॅबनाही बंधनकारक झालं. आणि साप चावलेल्याला लॅबच्या बाकड्यावर कधीही बसवू नये. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि ते गोठतं का बघायचं, ही तपासणी दवाखान्यात रोग्याच्या खाटेशेजारीच होते.

दिवसाला किती रोगी?

आता पैशाचा हिशेब. साध्या लॅबला सूक्ष्मदर्शक, सेंट्रीफ्यूज, बायोकेमिस्ट्रीचं सेमी-ऑटो मशीन, पेशी मोजायचं मशीन, फ्रीज, इन्व्हर्टर, कॉम्प्युटर आणि फर्निचर लागतं. सेमी-ऑटो मशीन साधारण लाख-सव्वा लाखाला, पेशी मोजायचं दोन-तीन लाखांना पडतं. समजा पाच लाखांचं कर्ज काढलं. पाच वर्षांची मुदत, अकरा टक्के व्याज. हप्ता बसतो महिना १०,९०० रुपये.

समजा दिवसाला दहा रोगी आणि प्रत्येकी सरासरी २०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर गल्ल्यात ५२,००० येतात. पोरगं एवढाच आकडा घरी सांगतं. त्यातून रिएजंट, नळ्या, कंट्रोल यांना १७,००० जाऊ द्या. गाळाभाडं ३,०००, वीज २,५००, मदतनीस ८,०००, सहीच्या डॉक्टरांचं मानधन १०,०००, कचरा उचलणं व किरकोळ १,५०० आणि वरचा हप्ता. बेरीज होते ५२,९००. म्हणजे महिनाभर राबून पदरचे नऊशे गेले! आकडे गावागणिक मागेपुढे होतील, पण मांडणी हीच. रोगी पंधरा झाले की गल्ला ७८,००० चा, रिएजंट-नळ्या साडेपंचवीस हजारांच्या, बाकी खर्च तेवढाच, आणि १६,६०० हातात उरतात. तेव्हा दहा आणि पंधरा यांमधल्या त्या पाच रोग्यांवर लॅब तरते किंवा बुडते.

ते पाच रोगी मिळवायला काही जण डॉक्टरच्या दाराशी जातात आणि 'कट' सुरू होतो. कोणी तीस टक्के मागितले तर ७८,००० वर २३,४०० झाले. उरणार होते सोळा हजार सहाशे, मग हे आणायचे कुठून? कंट्रोल बंद करायचा, रिएजंट पातळ करायचा, जुन्या तारखेचा वापरायचा. अगदी घसरलेल्या ठिकाणी रक्त बेसिनमध्ये ओतून अंदाजे आकडे लिहितात, त्याला या धंद्यात 'सिंक टेस्ट' असं नावच आहे. कटची शिक्षा अशी शेवटी रोग्याच्या शिरेवर बसते. डॉक्टरने रोगी पाठवण्याबद्दल कमिशन घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेच निषिद्ध ठरवलंय. राज्य सरकारने २०१७ साली निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला होता.

मशीन 'फुकट' देणाऱ्या कंपन्याही भेटतील. मशीन त्यांचं, पण रिएजंट दरमहा ठरावीक रकमेचं त्यांच्याकडूनच घ्यायचं. करार नीट वाचावा. रोगी कमी आले तरी ती रक्कम भरावीच लागते.

जमीन विकण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योगच्या कार्यालयात चौकशी करावी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान व स्वतःचा हिस्सा १० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना ३५ टक्के अनुदान व ५ टक्के हिस्सा, असं सूत्र राहिलं आहे. अनुदान लगेच हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, हे धरूनच हप्त्याचं गणित मांडावं.

सरकारी दवाखान्याशी दराची स्पर्धा तर करूच नये. २०१७ साली राज्यात 'महालॅब' योजना सुरू झाल्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रातले नमुने बाहेरच्या लॅबला जाऊन तपासण्या रोग्याला फुकटात होऊ लागल्या. खासगी लॅबला जागा उरते ती संध्याकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी आणि बाजारच्या दिवशी, जिथं दोन तासांत रिपोर्ट हवा असतो.

सुया उकिरड्यावर नकोत

ग्रामपंचायतीला यात मोठं काम आहे. लॅबचा कचरा घंटागाडीत टाकता येत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात, रक्ताने भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत. रक्ताचे नमुने आधी जागेवरच निर्जंतुक करायचे, आणि ४८ तासांच्या वर कचरा साठवायचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र लॅबला एकदाच घ्यावं लागतं, आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत केंद्राशी करार हवा. शाळेमागच्या उकिरड्यावर सुई सापडली की पालक सरपंचांच्याच दारात येतात. तेव्हा गाळा देतानाच करारनाम्यात लिहून घ्यावं. मंडळाचं अधिकारपत्र, कचऱ्याचा करार, सही करणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि येण्याचे दिवस, तंत्रज्ञाची परावैद्यक परिषदेतली नोंदणी, हे सगळं दाखल्यासोबत फाईलला लावावं आणि दरपत्रकाचा फलक दारात लावायला सांगावं.

गाळ्याचा लिलाव कधी काढायचा तेही पाहावं. तापाचे रोगी जुलैपासून वाढतात. मशीन बसवणं, कंट्रोल जुळवणं, डॉक्टरांची वेळ ठरवणं आणि मंडळाचे कागद यात सहज तीन महिने जातात. लिलाव मार्चअखेर झाला तर लॅब पावसाळ्याला उभी राहते. जूनमध्ये झाला तर पहिला हंगाम गेला आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू झालेला असतो.