तीनदा घरी सापडला नाही, म्हणून बंदी?

मागच्या महिन्यात तालुक्याच्या गावाहून एका वाचकांचे पत्र आले. मुलगा धावतो, जिल्हा पातळीवर दोनदा पहिला आला आहे. वडिलांनी विचारले आहे, "डॉक्टरसाहेब, अमक्या धावपटूवर बंदी आली असे पेपरात येते. खाली लिहिलेले असते की त्याच्या लघवीत काही सापडले नाही, तो फक्त तीन वेळा तपासणीला जागेवर नव्हता. काही सापडलेच नाही तर शिक्षा कशाची?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कायद्यात थोडे आणि शरीरशास्त्रात पुष्कळ आहे, म्हणून आजच्या सदरात तोच विषय घेतो.

आपल्या मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक तयार होते. नाव लांबलचक आहे, आपण त्याला ईपीओ म्हणू. हाडांतल्या मज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम ते देते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णात हा हुकूम थांबतो आणि रक्त कमी होते. अशा रुग्णांसाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ईपीओचे इंजेक्शन बाजारात आले आणि डायलिसिसवरच्या हजारो लोकांचे भले झाले. पण ज्याचे रक्त मुळातच चांगले आहे त्याने ते टोचून घेतले तर? तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो, दम लवकर लागत नाही. सायकलपटू आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांना हे लवकर उमगले.

आता खरी गोम पाहा. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. टोचलेले ईपीओ मात्र त्या मानाने फार लवकर शरीराबाहेर जाते. बेताच्या मात्रेत शिरेतून घेतले असेल तर दिवसभरातच त्याचा माग काढणे अवघड होते. म्हणजे औषध गेले, फायदा राहिला. स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडचीही गोष्ट थोडीफार अशीच आहे. सरावाच्या महिन्यांत घ्यायचे, स्पर्धेच्या काही आठवडे आधी बंद करायचे. कमावलेला स्नायू काही आठवड्यांत विरघळून जात नाही.

म्हणून स्पर्धेच्या दिवशी लघवी तपासली की जो गाफील राहिला तो सापडतो आणि ज्याने हिशेब नीट केला तो सुटतो. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि स्टॅनोझोलोल सापडल्यामुळे त्याचे सुवर्णपदक गेले, हे अनेकांना आठवत असेल. त्याआधीच्या कितीतरी तपासण्यांत तो निर्दोष ठरला होता. कॅनडा सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती डबिन यांच्या चौकशीत हेच बाहेर आले की नुसत्या स्पर्धेच्या वेळच्या तपासणीला फारसा अर्थ नाही. न कळवता, सरावाच्या काळात, दारात जाऊन तपासले पाहिजे.

माझ्या मधुमेही रुग्णांना हे पटकन समजेल. महिनाभर जिलेबी खायची, तपासणीच्या आधी दोन दिवस ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी, मग उपाशीपोटी साखर कशी छान येते! पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली की बिंग फुटते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'वाडा', १९९९ मध्ये स्थापन झाली. तिने २००९ पासून खेळाडूंसाठी असेच काहीसे सुरू केले. त्याला रक्ताचा पासपोर्ट म्हणू. एकाच खेळाडूचे हिमोग्लोबिन, कोवळ्या तांबड्या पेशी वगैरेंचे आकडे वर्षानुवर्षे मांडून ठेवायचे. औषध हाती लागले नाही तरी आकड्यांची उडी दिसते. पण त्यासाठीही रक्त वेळोवेळी, अचानक घ्यावे लागते. खेळाडू सापडायलाच हवा.

इथे तुमच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. वरच्या पातळीवरच्या निवडक खेळाडूंची यादी असते. यादीत नाव असलेल्याने दर तीन महिन्यांचा तपशील आधी भरून द्यायचा: रात्री मुक्काम कुठे, सराव कुठे, स्पर्धा कुठे. शिवाय रोज पहाटे ५ ते रात्री ११ या दरम्यानचा कुठलाही एक तास स्वतःच निवडायचा आणि त्या तासात सांगितलेल्या जागी हजर राहायचे. बेत बदलला तर मोबाइलवरून तसे कळवायचे. तपासनीस आला आणि खेळाडू त्या तासात तिथे नसला तर एक चूक. पत्ता भरलाच नाही किंवा खोटा भरला तर तीही एक चूक. १२ महिन्यांत अशा तीन झाल्या की नियमभंग, आणि शिक्षा साधारण दोन वर्षे. दोष कमी असेल तर ती एक वर्षापर्यंत खाली येते. २०१५ पूर्वी ही मोजणी १८ महिन्यांची होती.

आपल्याकडे लग्नसराईत माणूस उद्या कुठल्या गावी मुक्कामाला असेल हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसते, तिथे तीन महिन्यांचा हिशेब द्यायचा म्हणजे जाच आहे, हे मला मान्य आहे. शिवाय नमुना देताना स्त्रीसमोर स्त्री आणि पुरुषासमोर पुरुष अधिकारी प्रत्यक्ष पाहत उभा असतो. निदान ९० मिलिलिटर लघवी लागते, ती दोन बाटल्यांत भरून खेळाडूसमोर सील होते. संकोच वाटावा असेच हे आहे. पण दुसऱ्याची लघवी बाटलीत घालण्याचे प्रकार झाल्यावरच हे नियम आले.

मग न सापडणारा प्रत्येक जण चोर का? माझे मत विचाराल तर नाही, आणि निकाल वाचले तर ते दिसते. इंग्लंडची ४०० मीटरची धावपटू क्रिस्टीन ओहुरुओगू हिला २००६ मध्ये तीन चुकलेल्या तपासण्यांसाठी एक वर्षाची बंदी झाली. त्यातल्या एका वेळी नेहमीच्या मैदानावर शाळकरी मुलांचे सामने होते म्हणून ती दुसरीकडे सरावाला गेली आणि कळवायचे राहिले. बंदी संपून महिनाही झाला नव्हता तोच, २००७ मध्ये ओसाका येथे ती जगज्जेती झाली आणि २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण घेतले. तिचा एकही नमुना कधी दोषी आला नाही. तरी संशयाचा डाग तिला पुढे बरीच वर्षे पुसत बसावे लागले.

अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन २०१९ मध्ये दोहा येथे १०० मीटरचा जगज्जेता झाला, वेळ ९.७६ सेकंद. त्याच वर्षी ९ डिसेंबरला त्याचा तास होता संध्याकाळी ७.१५ ते ८.१५. तपासनीस दारात, कोलमन बाहेर नाताळच्या खरेदीला. आपण तास संपण्याआधी घरी येऊन गेलो असे तो म्हणाला, पण दुकानाच्या पावतीवर ८ वाजून २२ मिनिटे ही वेळ होती. दोन चुका आधीच खात्यावर असताना माणूस त्या तासात बाजारात जातो, याला काय म्हणावे! दोन वर्षांची बंदी क्रीडा लवादाने अपिलात १८ महिन्यांवर आणली, तरी टोकियो ऑलिंपिक हुकलेच. बहारीनच्या सल्वा ईद नासेरच्या प्रकरणात तर तपासनीसाला घराचा दरवाजाच नीट सापडला नव्हता. त्या घोळामुळे २०२० मध्ये ती सुटली, २०२१ मध्ये लवादाने निकाल फिरवून दोन वर्षांची बंदी घातली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने रौप्यपदक मिळवले.

दुसऱ्या बाजूची उदाहरणेही आहेत. २००७ च्या टूर द फ्रान्समध्ये डेन्मार्कचा मिखाएल रासमुसेन पिवळ्या जर्सीत, विजय जवळजवळ हातात. आपण जूनमध्ये मेक्सिकोत होतो असे त्याने कळवले होते. एका माजी सायकलपटूने मात्र त्याला त्याच काळात इटलीच्या डोंगरात सराव करताना पाहिले होते. संघानेच त्याला शर्यतीतून काढले. त्या वेळी तो रागावला होता. २०१३ मध्ये त्याने कबूल केले की १९९८ पासून २०१० पर्यंत तो ईपीओ आणि इतर बरेच काही घेत होता. आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यजमान ग्रीसचे दोन लाडके धावपटू, केंटेरिस आणि थानू, तपासनीस आले तेव्हा क्रीडाग्रामात नव्हते. मग मोटारसायकलचा अपघात झाल्याचे सांगून दोघे रुग्णालयात. दोघांनी स्पर्धेतून माघार घेतली. अपघात बनावट असल्याचा खटला चालला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि अपिलात ते सुटले.

तर पत्रलेखक महाशय, शिक्षा औषध घेतल्याची नसते, तपासणीचा रस्ता बंद केल्याची असते. नुसत्या गैरहजेरीवरून कोणाला औषध घेणारा म्हणू नये, आणि गैरहजेरी किरकोळ आहे असेही समजू नये. तपासनीस समोर असताना नमुना नाकारणे तर आणखी गंभीर, त्याला चार वर्षे. मार्च २०२४ मध्ये सोनीपतला बजरंग पुनियाने नमुना दिला नाही. आधी मुदत संपलेल्या किटचे उत्तर द्या, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्था 'नाडा'ने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

आपल्या क्रिकेट मंडळाने २००९ मध्ये हा पत्त्यांचा नियम सुरक्षितता आणि खाजगीपणाचे कारण देऊन नाकारला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मंडळ 'नाडा'च्या तपासणीखाली आले. जून २०२० मध्ये पाच क्रिकेटपटूंना पत्ते न भरल्याबद्दल नोटिसा गेल्या, त्यांत आपल्या सांगलीची स्मृती मानधनाही होती. पासवर्डच्या गडबडीने माहिती भरता आली नाही, असा खुलासा मंडळाने केला. अशी गडबड कोणाचीही होऊ शकते. पण सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत जे झाले त्याला गडबड म्हणता येणार नाही. तपासनीस मैदानात आल्याची बातमी पसरली आणि १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उरला, बाकीचे गायब! स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडल्याचे चित्रण सर्वत्र फिरले. ही जागतिक स्पर्धा नव्हती, राज्य पातळीची होती. म्हणून मला तालुक्याच्या पत्राची जास्त काळजी वाटते.

कारण माझ्या दवाखान्यातही मुले येतात. पोलीस भरतीची तारीख जवळ आली की विशेष येतात. "डॉक्टर, दम वाढायचं इंजेक्शन द्या." काहींनी आधीच घेतलेले असते. मेफेन्टरमिन हे औषध भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर तो वर आणण्यासाठी आहे. जिममध्ये ते सर्रास मागितले जाते. छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, आणि सवय लागते ती वेगळीच. स्टेरॉइडने दंड फुगतात, पण वृषणे आकसतात, वीर्यातले शुक्रजंतू घटतात, काहींची छाती स्त्रीसारखी वाढते, यकृतावर ताण येतो, रक्तदाब चढतो, चांगले कोलेस्टेरॉल उतरते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची उंची कायमची खुंटू शकते. मुलींचा आवाज घोगरा झाला तर तो बहुधा परत येत नाही. वजनगटात बसण्यासाठी पैलवान लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या घेतात. त्याने पोटॅशियम उतरते, पायात गोळे येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एकाच सुईने तिघांनी टोचून घेतले तर कावीळ ब आणि एचआयव्हीचा धोका.

आणि काही दोष नकळत लागतो. मुंबईचा पृथ्वी शॉ याच्या फेब्रुवारी २०१९ च्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. खोकल्याच्या औषधातून ते आले हे मंडळाने मान्य केले, तरी आठ महिन्यांची बंदी झालीच. हे टर्ब्युटालिन खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असते, दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो. स्पर्धेच्या काळात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि सांध्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन चालत नाही. १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात ट्रॅमाडॉलही बंद आहे. साधे पॅरासिटामॉल, सेट्रिझिन चालते. नाव न लिहिलेल्या डब्यातली पावडर मात्र चालते की नाही हे सांगायला मी ज्योतिषी नाही.

तेव्हा धावणाऱ्या मुलाने डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य "मी स्पर्धेत खेळतो" हे बोलावे. औषधाच्या पट्टीवरचे कंपनीचे नाव सोडून आतल्या घटकाचे नाव वहीत उतरवून ठेवावे आणि तपासणीच्या फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली सगळी औषधे लिहावीत. दमा आहे म्हणून खेळ सोडायचे कारण नाही. साल्ब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मात्रेत चालतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही खेळाडूलाही वैद्यकीय कारणासाठी सूट मिळते, पण अर्ज स्पर्धेच्या निदान ३० दिवस आधी, जुन्या रिपोर्टांसह करावा लागतो. त्यात डॉक्टरांनी भरायचा भाग असतो. तो कोणी घेऊन आला तर मी भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही. सकाळी ११ नंतर यावे, तोवर गर्दी ओसरलेली असते.