जनरेटर अंगणातच राहू दे



पावसाळा तोंडावर आलाय. कौलं शाकारून झाली असतील, लाकूडफाटा आत आला असेल. या लगबगीत आज एका वस्तूबद्दल बोलायचंय. ती आता आपल्या बऱ्याच गटांकडे आहे, ती म्हणजे पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर. कुणी मसाल्याच्या कामासाठी घेतला, कुणी मासळीच्या फ्रीजरसाठी, तर कुणी भाड्याने द्यायला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, ते दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. पोल आडवे झाले, तारा तुटल्या आणि कितीतरी वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी जनरेटर म्हणजे मोठा आधार. विहिरीचं पाणी टाकीत चढतं, मोबाईल चार्ज होतो, मुंबईच्या मुलाला "आम्ही बरे आहोत" एवढं तरी कळवता येतं.

पण हाच आधार जिवावर कसा बेतू शकतो, ते मी गेल्या पावसाळ्यात अनुभवलं.

एका वाडीत गटाची बैठक होती. वादळी पाऊस होऊन गेला होता, तीन दिवस लाईट नव्हती. पाऊस थांबेना म्हणून आम्ही माजघरात बसलो आणि जनरेटर पडवीत ठेवला. दारं अर्धवट लोटलेली. हप्ते गोळा झाले, इतिवृत्त लिहायला घेतलं, तेवढ्यात माझं डोकं ठणकायला लागलं. वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून असेल. शेजारच्या ताईंना मळमळायला लागलं. एका ताईंची लहान मुलगी मांडीवर पेंगत होती, ती एकदम ओकली. तेव्हा घरातल्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आधी सगळ्या बाहेर व्हा. एकीला झालं तर पित्त म्हणेन. सगळ्यांना एकदम कसं होईल?"

आम्ही भर पावसात अंगणात जाऊन उभ्या राहिलो. मशीन बंद केली. हळूहळू बरं वाटलं, मुलीला दवाखान्यात दाखवून आणलं. आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांत हुशार त्याच ठरल्या. आम्ही झोपेत असतो तर काय झालं असतं, हे मी अजूनही मनात आणत नाही.

दिसत नाही, वास येत नाही

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला येतो, आपण आपोआप बाहेर पडतो. हा वायू मात्र कसलीच खूण देत नाही.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं, काही सुचेनासं होतं. झोपेत असलेल्या माणसाला जागच येत नाही.

आपल्यातल्या कितीजणींचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, हे आरोग्य तपासणीत आपण पाहिलंय. अशा बाईला, गरोदर बाईला आणि तिच्या पोटातल्या बाळाला, लहान मुलांना आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना याचा धोका जास्त.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगते. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीतूनही हाच वायू निघतो. पावसात बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून शेगडी ठेवतात, तिथेही हाच धोका आहे.

मग जनरेटर ठेवायचा कुठे?

घराबाहेर, उघड्यावर, दार-खिडकीपासून निदान २० फूट लांब. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट. तेवढं अंतर राखलंत तर फूटपट्टी शोधायला नको. धुराचं नळकांडं घराच्या उलट दिशेला करा. आपल्या वाड्यांत घरं लागून असतात, म्हणून शेजारणीची खिडकीही बघा.

पडवी, ओटी, गोठा, मांगर, जिन्याखाली, बंद दुकानात कुठेही नको. "खिडकी उघडी आहे", "पंखा लावलाय" याने भागत नाही. वायू आत येतो त्या वेगाने तो बाहेर जात नाही.

आपण मशीन आत का आणतो? दोन कारणांनी, पाऊस आणि चोरी. दोन्ही भीती खऱ्या आहेत. म्हणून त्यावर आधीच तोड काढून ठेवू या.

पावसासाठी अंगणात चार खांब रोवून वर पत्रा टाका, पण चारही बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्रीने गुंडाळायचं नाही, त्याने मशीन तापते आणि आग लागू शकते. खाली जांभ्याचे चिरे लावून उंचवटा करा, म्हणजे पाणी साचलं तरी मशीन भिजणार नाही. पाऊस तिरपा येऊन मशीनवर उडत असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा. ओल्या हाताने बटण, पिन किंवा वायर धरू नका.

चोरीसाठी जाड साखळीने झाडाला किंवा खांबाला कुलूप लावा. आणि रात्री झोपताना मशीन बंदच करा. बंद करून पूर्ण गार झाली की मग हवी तर पडवीत घ्या, पण तिथे चूल किंवा दिवा जवळ नको. चालू जनरेटर आणि झोपलेलं घर ही जोडी नकोच. रात्रीसाठी दिवसा चार्ज केलेली बॅटरी किंवा सोलरचा कंदील पुरतो.

वायरमनचा जीव आपल्या हातात

काहीजण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घेतात. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला, की सगळं घर उजळतं. हे कधीही करू नका.

गावातली डीपी ११,००० व्होल्टची वीज कमी करून आपल्या घरापर्यंत देते. आपण घरातून उलटी वीज सोडली की तीच डीपी उलटं काम करते. आपल्या २३० व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्ट होऊन लाईनवर जातात. आणि पोलवर कोण असतो? लाईन बंद आहे असं समजून तार जोडणारा वायरमन. वादळानंतर कितीतरी कर्मचारी दुसऱ्या जिल्ह्यांतून आपली लाईट आणायला येतात. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

"पण आम्ही मेन स्विच बंद करतो की!" असं एक दादा म्हणाले. ठीक आहे, पण घरातल्या मुलाने "लाईट आली का बघू" म्हणून मेन वर केला तर? शिवाय खरी लाईट अचानक आली तर जनरेटर जळतो तो वेगळाच.

सोपा मार्ग असा. जनरेटरला जाड, तीन पिनांचा, जोड नसलेला एक्स्टेन्शन बोर्ड लावा आणि वस्तू थेट त्यावर चालवा. वायर दारात चेमटू देऊ नका, चटईखालून किंवा साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. सगळ्या घराला किंवा पंपाला जोडायचाच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्या स्विचमुळे एका वेळी एकच वीज घरात येते, लाईनची नाहीतर जनरेटरची. अर्थिंगही त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

अंगणात तुटलेली तार पडली असेल तर ती बंद आहे असं धरून चालू नका. लांब राहा, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

पेट्रोल आणि लोड

चालू किंवा गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. बंद करा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, मग भरा. सायलेन्सर लालबुंद दिसत नसला तरी थेंबभर पेट्रोल पेटवण्याइतका तापलेला असतो. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. कुणी तहानेने तोंडाला लावलं तर? झाकण घट्ट बसणाऱ्या, पेट्रोलसाठीच्याच डब्यात, घराबाहेर आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते.

लोडचा हिशोब आपल्या कर्जाच्या हिशोबासारखाच आहे, ऐपतीपेक्षा जास्त उचललं की बुडालो. ९ वॅटचे ५ बल्ब म्हणजे ४५ वॅट. ७५ वॅटचे २ पंखे म्हणजे १५०. १५ वॅटप्रमाणे ६ मोबाईल म्हणजे ९०. सगळे मिळून २८५ वॅट. एवढं छोटी मशीन आरामात ओढते. पण मिक्सर एकटाच ५०० ते ७५० वॅट घेतो. फ्रीज, फ्रीजर आणि पंप सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त वीज खेचतात. म्हणून मशीनवरची पाटी वाचा, आधी मोठी वस्तू एकटी सुरू करा, मग बाकीच्या. एकाच वेळी सगळं लावायचा हट्ट नको, पाळी लावून घ्या.

कुणाला त्रास झाला तर

जनरेटर चालू असताना घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली, तर पित्त किंवा उपास म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा, मशीन बंद करा. कुणी बेशुद्ध असेल तर दार-खिडक्या उघडून त्याला ओढत बाहेर काढा, स्वतः आत रेंगाळू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर "घराजवळ जनरेटर चालू होता" हे वाक्य सांगायला विसरू नका, त्यामुळे डॉक्टरांना योग्य उपचार लवकर सुरू करता येतील. बाहेर येऊन बरं वाटलं तरी दाखवून या, गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर नक्कीच.

येत्या बैठकीत एवढं कराच

गटाकडे जनरेटर असो वा नसो, हा विषय बैठकीत घ्या. मशीन कुठे उभी राहणार ती जागा आत्ताच ठरवा, आणि लुगडं मोजून बघा! साखळी-कुलूप, पत्रा आणि चांगला बोर्ड यांचा खर्च ठरावात लिहा. पेट्रोल भरणं आणि मशीन बंद करणं यांची जबाबदारी दोघींकडे द्या. भाड्याने देत असाल तर "घरात ठेवणार नाही, सॉकेटला उलटी जोडणार नाही" या दोन अटी नेणाऱ्याकडून लिहून घ्या. पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील.

आणि कुणी म्हणालं, "एवढ्या पावसात बाहेर कशाला, आत घ्या की ग," तर त्यांना त्या आजींचं सांगा. मशीन भिजली तर दुरुस्त होते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक