हवाई टपाल तिकिटे

विमानाने न्यावयाच्या टपालाचे शुल्क भरल्याची खूण म्हणून निरनिराळ्या देशांच्या टपालखात्यांनी काढलेली खास तिकिटे. विमाने आणि नगरांची दृश्ये हे त्यांवरील नेहमीचे चित्रविषय असून टपाल तिकिटांच्या संग्रहात त्यांची स्वतंत्र शाखा मानली जाते.

इतिहास : हवाई टपाल हे हवाई तिकिटापेक्षा जुने आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेतील प्रदर्शनाच्या मैदानावरून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सु. ६,५०० पत्रे नेली. हे जगातील पहिले अधिकृत विमान टपाल होय. त्यासाठी वेगळे तिकीट नव्हते. प्रचलित तिकिटांवर विमानाचे चित्र असलेला खास शिक्का मारण्यात आला. पहिले हवाई तिकीट इटलीने मे १९१७ मध्ये रोम–तूरिन या चाचणी उड्डाणासाठी काढले; तेही जलद टपालाच्या तिकिटावर मजकूर छापून तयार केलेले होते. अमेरिकेने मे १९१८ मध्ये २४ सेंटचे स्वतंत्र तिकीट काढले. त्यावरील ‘कर्टिस जेनी’ विमान निळ्या व भोवतीची चौकट गुलाबी-तांबड्या रंगात असल्याने कागद दोनदा छापावा लागे. त्यात एक ताव उलटा गेला आणि १४ मे रोजी विल्यम रोबी या संग्राहकाला वॉशिंग्टनच्या टपालकचेरीत उलट्या विमानाच्या १०० तिकिटांचा तो ताव २४ डॉलरना मिळाला. विक्रीस आलेला असा तो एकच ताव असल्याने त्यातील सुटी तिकिटेही आज अतिशय मौल्यवान समजली जातात.

चित्रविषय : हवाई टपालाचा दर अधिक असल्याने ही तिकिटे बहुधा मोठ्या किंमतीची व मोठ्या आकाराची असत, त्यामुळे उत्कीर्णकाला बारीक कामास वाव मिळे. फ्रान्सच्या १९३६ च्या मालिकेत पॅरिसवरून जाणारे विमान आहे, तर १९४९-५० च्या मालिकेत लील, बॉर्दो, लियाँ, मार्सेय आणि पॅरिस या नगरांची दृश्ये आहेत. अमेरिकेच्या १९४७ च्या तिकिटांत न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती व स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासह ‘कॉन्स्टेलेशन’ विमान, तसेच सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पुलावरील ‘स्ट्रॅटोक्रूझर’ विमान आढळते. अशा चित्रांत विमान व नगर यांची सांगड पुष्कळदा चित्रकाराने घातलेली असते. म्हणून त्यांना एखाद्या विशिष्ट उड्डाणाचा पुरावा मानणे योग्य नव्हे.

भारतीय तिकिटे : लंडन–कराची हवाई सेवा १९२९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताने दोन ते बारा आणे किंमतीची सहा हवाई तिकिटे काढली. नासिक येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या या तिकिटांवर पंचम जॉर्जच्या मुखचित्रासोबत ‘डी हॅविलँड हर्क्युलिस’ विमान आहे. स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या तिकिटांपैकी डिसेंबर १९४७ चे बारा आण्यांचे तिकीट ‘डग्लस डीसी-४’ विमानाचे होते. मुंबई–लंडन सेवेच्या प्रारंभानिमित्त १९४८ मध्ये ‘कॉन्स्टेलेशन’चे तिकीट निघाले. अलाहाबादच्या उड्डाणास पन्नास वर्षे झाल्याबद्दल १९६१ मध्ये तीन तिकिटे प्रसिद्ध झाली.

संग्रह व पारख : संग्रह देशवार, विमानाच्या प्रकारानुसार, नगरवार किंवा हवाई मार्गानुसार करता येतो. कोऱ्या तिकिटाचे मोल दात्यांची पूर्णता, रंगाचा ताजेपणा, पाठीवरील डिंक आणि चित्राचा मध्य यांवर ठरते. मूळ तिकीट साधे व अधिमुद्रित तिकीट दुर्मिळ असेल, तेथे बनावटीचा धोका विशेष असतो. कारण बनावट करणारास केवळ वरचा मजकूरच छापावा लागतो. अधिमुद्रणाची शाई आणि अक्षरांची वळणे अस्सल नमुन्याशी भिंगाखाली ताडून पाहणे हा त्यावरील उपाय होय.

वापरलेले तिकीट पाकिटावरून सोडविण्यापूर्वी मात्र विचार करावा लागतो. सुट्या तिकिटावरून देश व किंमत कळते. पण पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, किती दिवसांत पोहोचले आणि त्यास किती शुल्क पडले, हे पाकिटावरील शिक्क्यांवरूनच समजते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणलेल्या टपालाची साक्ष अशीच पाकिटे देतात. त्यांवरील तिकीट काढून घेतल्यास ती साक्ष कायमची नाहीशी होते.