डोळ्यांना न दिसणारा मृग

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो आणि शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो. मात्र त्या दिवसांत मृग नक्षत्र आकाशात दिसत नाही, कारण सूर्यच तेव्हा त्या नक्षत्रात असतो. मृगाचे छायाचित्र घ्यायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात.

चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याच रेषेत पुढे लखलखणारा व्याध, ही ओळख अनेकांना असते. बाणाच्या थोडे दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ. तिथे आजही नवे तारे जन्म घेत आहेत. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे प्रकाश साठवून त्याचे छायाचित्र घेतले. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिलेच छायाचित्र होते. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेतील एका काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना बाणाच्या पूर्वेकडील ताऱ्याजवळ काळा तेजोमेघ आढळला. आज तो 'अश्वशीर्ष' म्हणून ओळखला जातो.

१८९४ मध्ये एडवर्ड बर्नार्ड यांनी आकाशाचा मोठा भाग सामावणाऱ्या छायाचित्रात याहून मोठी गोष्ट टिपली. बाण आणि तेजोमेघ यांना कवेत घेणारी एक प्रचंड कमान तिथे होती. आकाशात तिची लांबी सुमारे १० अंश, म्हणजे २० पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी. मोठ्या दुर्बिणीतून तिचा एखादा तुकडाच दिसेल. इथे साधे ५० मिलिमीटरचे भिंग उपयोगी पडते.

इतकी मोठी कमान डोळ्यांना का दिसत नाही? एक तर ती फार अंधूक आहे. शिवाय तिचा प्रकाश मुख्यतः तापलेल्या हायड्रोजनचा, गडद लाल रंगाचा. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतील पेशी नेमक्या याच रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात.

कॅमेरा प्रकाश साठवू शकतो, पण पृथ्वी फिरत असल्याने स्थिर तिपाईवर सात-आठ सेकंदांनंतर तारे रेघांसारखे उमटू लागतात. म्हणून आठ सेकंदांची ३०० छायाचित्रे घेऊन संगणकावर ती एकावर एक रचतात. मिळतो तो ४० मिनिटांचा प्रकाश. छायाचित्रांची संख्या शंभरपट झाली, तर प्रकाश शंभरपट साठतो, पण त्यातला दाणेदारपणा दहापटच वाढतो. त्यामुळे चित्र उजळते. नेहमीच्या कॅमेऱ्यातील गाळणी हा लाल रंग बराचसा अडवते. त्यामुळे कमान ठळक हवी असेल, तर हौशी छायाचित्रकार ती गाळणी बदलून घेतात.

रस्त्यावरच्या दिव्यांना मात्र असा उपाय नाही. वर फेकला गेलेला उजेड हवेत विखुरतो आणि आकाशच उजळून टाकतो. अंधूक तेजोमेघ त्यात बुडून जातात. हा पांढरा उजेड सगळ्याच रंगांचा असतो, त्यामुळे गाळण्याही पूर्ण कामी येत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती अंधार जपण्यासाठीच. घरासमोरचा दिवा खाली झुकवला आणि गरज नसताना बंद केला, तरी तुमच्या गच्चीवरून मृगाच्या बाणाखालचा तो धूसर ठिपका दिसण्याची शक्यता वाढेल.