कॅक्टसची बाळे कशी वाढवतात?

निवडुंग म्हटला की आपल्याला बांधावरचे कुंपण आठवते. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून लावायचा आणि मग विसरून जायचे. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी तो वाढतो. म्हणून कोणी निवडुंग हौसेने कुंडीत लावतो असे सांगितले की मोठी माणसे हसतात. पुष्कळ घरी तर आजी म्हणतात, "काटेरी झाड दारात नको गं बाई, भांडणं होतात." भांडणे काट्यांनी होत नाहीत हे आजींनाही ठाऊक असते, पण म्हणायची पद्धत आहे. तर आज या झाडाची थोडी वेगळी ओळख करून घेऊ.

पहिली गोष्ट. आपण ज्याला निवडुंग म्हणतो ती सगळी झाडे एका घरची नाहीत. त्रिधारी निवडुंग, साबर आणि शेर मोडले की पांढरा चीक येतो. ही झाडे एरंडाच्या कुळातली आहेत. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याची फार आग होते आणि इजाही होते, म्हणून त्यांच्याशी खेळू नये. फड्या निवडुंगाला मात्र चीक नसतो, नुसता बुळबुळीत रस असतो. तो खरा कॅक्टस. त्याचे काटे जिथून निघतात तिथे कापसासारखी बारीक लव असलेली गादी दिसते. अशी गादी असेल तर झाड कॅक्टस कुळातले समजावे. गुराखी मुले ज्याची लाल बोंडे खातात (आणि मग जिभेवरची कुसळे काढत बसतात) तोच हा. याचे मूळ गाव अमेरिका खंड. माणसांनी तो जहाजातून आपल्याकडे आणला आणि तो इथलाच होऊन गेला.

फड्या भराभर वाढतो. पण त्याच्या कुळातले काही भाऊबंद इतके हळू वाढतात की ऐकून खरे वाटत नाही. अमेरिकेत ॲरिझोना नावाचे राज्य आहे. तिथे सग्वारो नावाचा कॅक्टस सहा-सात पुरुष उंच होतो. पण बी रुजल्यावर पहिल्या आठ वर्षांत तो फक्त इंच-दीड इंच वाढतो. म्हणजे तुम्ही पहिलीत बी पेरले तर आठवी पास होईपर्यंत झाड तुमच्या अंगठ्याएवढेही होणार नाही! त्याला पहिले फूल यायला सुमारे ३५ वर्षे लागतात आणि पहिला फाटा फुटायला ५० ते ७५ वर्षे. मेक्सिकोतला ॲरिओकार्पस तर दगडासारखा जमिनीत दबून असतो, त्याला तिकडे 'जिवंत दगड' म्हणतात. आणि ॲझ्टेकियम नावाचा जो आहे, त्याचे रोप वर्ष उलटले तरी बाजरीच्या दाण्याहून फारसे मोठे होत नाही.

एवढे हळू का? सगळी झाडे पानांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत घेतात हे आपण विज्ञानात शिकलो. छिद्रे उघडली की हवा आत येते, पण त्याच वाटेने पाणीही उडून जाते. वाळवंटात दिवसा छिद्रे उघडली तर झाड वाळून जाईल. म्हणून कॅक्टस रात्री गार झाल्यावर छिद्रे उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो, त्याचे आम्ल करून साठवून ठेवतो, आणि सकाळी छिद्रे बंद करून उन्हाच्या मदतीने त्या साठ्यातून अन्न तयार करतो. साठवायला जागा थोडी, त्यामुळे अन्नही थोडे. शिवाय बहुतेक कॅक्टसना पाने नाहीत. सगळे काम हिरव्या खोडावर. चेंडूसारखे गोल खोड पाणी राखायला चांगले, पण ऊन झेलायला त्याचा पृष्ठभाग कमी पडतो. पाणी वाचते ते वाढीच्या बदल्यात.

आता बी पेरण्याविषयी. हे काम आपल्यापैकी कोणालाही जमेल, पण धीर पाहिजे. श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, तळाला सुईने आठ-दहा भोके पाडावीत. दोन भाग चाळलेली वाळू, एक भाग विटेचा बारीक चुरा आणि एक भाग जुने, पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत मिसळावे. शेणखत ताजे असेल तर मुळीच घालू नये. या मिश्रणावर उकळते पाणी ओतावे. (हे आईला किंवा बाबांना सांगावे.) त्याने बुरशी आणि किड्यांची अंडी मरतात. पूर्ण गार झाल्यावर बी वर नुसते पसरावे. मातीने झाकायचे नाही! कॅक्टसचे बी फार बारीक असते, काहींचे तर तपकिरीच्या चिमटीसारखे. खोल गेले की त्याला वर येता येत नाही, आणि पुष्कळ जातींना रुजायला उजेडही लागतो. मग डबा पाण्याच्या परातीत ठेवावा म्हणजे पाणी खालून चढते. वरून ओतले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. शेवटी डब्यावर पारदर्शक पिशवी बांधून उजेडात, पण उन्हात नाही, असा ठेवून द्यावा. २५ ते ३० अंश उष्णता असली की पुरे. म्हणजे होळीनंतरचे दिवस आपल्याकडे उत्तम.

सुरुवातीला ॲस्ट्रोफायटमचे बी घ्यावे असे मला वाटते. ते मोठे असते, चिमटीत धरता येते, आणि ताजे असले तर आठवड्याच्या आत रुजते. पहिल्या दिवशी दिसतो तो मोहरीएवढा हिरवा गोळा. नीट पाहिले तर त्याला दोन बारीक शिंगे दिसतात. ती त्याची बीजपत्रे. हरभऱ्यासारखाच कॅक्टसही द्विदल आहे. थोड्या दिवसांनी दोन शिंगांच्या मधून पहिले काटे येतात, पण ते टोचत नाहीत, मांजराच्या पिलाच्या मिशांसारखे मऊ असतात.

आता खरी काळजी इथून पुढे. लोक म्हणतात कॅक्टसला ऊन पाहिजे, आणि बाळांना सरळ उन्हात ठेवतात. बाळे तांबूस पडतात आणि सुकतात. रानात सुद्धा सग्वारोची रोपे मोठ्या झाडाच्या सावलीतच जगतात, उघड्यावर पडलेले बी बहुधा वाया जाते. एक मोठा सग्वारो आयुष्यात लाखो बिया टाकतो आणि त्यातून एखादेच झाड मोठे होते, यावरून समजा. दुसरा शत्रू म्हणजे बुरशी. मिरचीच्या वाफ्यात रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात ते तुमच्या घरच्यांनी पाहिलेले असेलच. शेतकरी 'मर लागली' म्हणतात. तसेच इथे होते. एक रोप पाणचट दिसले की ते लगेच चिमट्याने काढून टाकावे, नाहीतर दोन दिवसांत सगळा डबा जातो. पिशवी एकदम काढू नये. रोपांना काटे दिसू लागले की आधी दोन भोके, मग चार भोके, असे करत महिना-दोन महिन्यांत काढावी.

एवढे सगळे करून वर्षाच्या शेवटी हाती येतो तो वाटाण्याएवढा गोळा, आणि हळू जातींत तेवढाही नाही. इतकी वर्षे सांभाळताना एका जोराच्या पावसात सगळे कुजून जाण्याची भीती असतेच. म्हणून माणसांनी कलमाची युक्ती काढली.

कलम आपल्याला नवीन नाही. कोकणात हापूस आंब्याचे कलम रायवळ आंब्याच्या खुंटावर करतात. इथेही तेच. खाली भराभर वाढणारा खुंट, वर हळू वाढणारे बाळ. खुंटाची मुळे पाणी ओढतात, खुंटाचे हिरवे अंग अन्न तयार करते आणि बाळाला आयते मिळते. जे दहा वर्षांत फुलले असते ते तीन-चार वर्षांत फुलते. पण दोन्ही झाडे कॅक्टस कुळातलीच पाहिजेत. शेराच्या किंवा त्रिधारीच्या खुंटावर कॅक्टस कधीही धरणार नाही, दिसायला कितीही सारखे असोत.

खुंट कोठून आणायचा? परदेशातले हौशी लोक अगदी लहान बाळांसाठी पेरेस्किऑप्सिस नावाचा बारीक काडीसारखा, पाने असलेला कॅक्टस वापरतात. त्यावर मोहरीएवढे रोपही लागते. आपल्याला सोपा खुंट म्हणजे ड्रॅगन फ्रूट. सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी भागात आता त्याच्या बागा झाल्या आहेत. तोही कॅक्टसच. छाटणीत त्याच्या फांद्या ढिगाने फेकून देतात. मागितल्या तर कोणीही देईल. वीतभर तुकडा आठवडाभर सावलीत सुकवून वाळूत खोचला की त्याला मुळे फुटतात. मात्र खुंट वाढीला लागलेला, रसरशीत पाहिजे. निबर, लाकडासारख्या झालेल्या तुकड्यावर कलम लागत नाही.

कापण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, किंवा त्यांच्यासमोर करावे. दाढीचे नवे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे. खुंटाचा शेंडा एका कापात आडवा उडवावा. मग त्याच्या तिन्ही धारा पेन्सिलीला टोक काढतो तशा थोड्या तिरक्या छाटाव्यात. हे का, तर कापलेला भाग सुकताना मध्ये खोलगट होतो आणि कडा उंच राहतात. धारा छाटल्या नाहीत तर त्या कडा बाळाला वर उचलून पाडतात. कापावर नीट पाहिले की मधोमध एक बांगडीसारखे कडे दिसते. पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्या त्या कड्यात असतात. बाळाला बुडाशी कापले की त्यातही अशीच, पण चिमुकली बांगडी असते.

सगळी गंमत या दोन बांगड्यांची आहे. त्या कोठेतरी एकमेकींवर आल्या पाहिजेत. पुष्कळजण बाळाला अगदी मधोमध, सुंदर दिसेल असे बसवतात. पण लहान बांगडी मोठीच्या बरोबर मध्ये पडली तर दोघी कोठेच भेटत नाहीत! म्हणून बाळ थोडे एका बाजूला सरकवून ठेवायचे. कागदावर एक रुपया आणि एक बांगडी ठेवून पाहा, लगेच समजेल. बसवताना हलकेच दाबून आतली हवा काढावी आणि दोऱ्याने किंवा रबराने सगळीकडे सारखा ताण येईल असे बांधावे. कापल्यापासून बसवेपर्यंत वेळ घालवू नये, काप सुकता कामा नये. नंतर आठ-दहा दिवस सावली, आणि कापावर पाण्याचा थेंबही नको. पावसाळ्यात आणि कडक थंडीत हे काम करूच नये. मधून नवे, ताजे काटे दिसले की कलम धरले. सुरकुतून गळून पडले तर बाळ अजून हिरवे असेपर्यंत दोघांना पुन्हा पातळ चकती काढून बसवता येते.

बाजारात हिरव्या काठीवर लाल किंवा पिवळा चेंडू असलेली कुंडी मिळते ती तुम्ही पाहिली असेल. त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९४१ साली जपानमध्ये एइजी वातानाबे यांना दहा हजार रोपांत दोन लाल रोपे दिसली. लाल म्हणजे अंगात हिरवा रंग नाही, हिरवा रंग नाही म्हणजे स्वतःचे अन्न नाही. अशी रोपे थोड्या दिवसांत मरतात. पण त्यांनी ती खुंटावर बांधली आणि ती जगली. आज जगभर विकले जाणारे लाल चेंडू त्यांच्यापासूनचे. ते खुंटावरून काढले की मरतात, जन्मभर उसन्या अन्नावर.

मला स्वतःला कलमाचे झाड थोडे फुगलेले, पोट सुटल्यासारखे वाटते. आपल्या मुळावरचे सडसडीत आणि जास्त काटेरी असते, ते जास्त आवडते. पण कलमाचा एक मोठा उपयोग आहे तो सांगायलाच हवा. हळू वाढणारे कॅक्टस सहज मिळत नाहीत, म्हणून श्रीमंत शौकीन लोक रानातून उपटून आणलेली झाडे विकत घेतात. २०२० साली इटलीत पोलिसांना एका माणसाच्या घरी हजाराहून जास्त कॅक्टस सापडले. चिली देशाच्या अटाकामा वाळवंटातून चोरून आणलेले. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, ही झाडे समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतात. पुढच्या वर्षी त्यातली आठशेच्या वर झाडे परत चिलीला पाठवली. बाकीची कित्येक मेली. पन्नास-शंभर वर्षे वाढलेले झाड पाच मिनिटांत उपटता येते, पण तिथे दुसरे तेवढे व्हायला आपली नातवंडे म्हातारी होतील. २०१५ साली शास्त्रज्ञांनी १,४७८ जाती तपासल्या, त्यातल्या शंभरात एकतीस जाती धोक्यात निघाल्या. रानातल्या कॅक्टसच्या खरेदी-विक्रीवर १९७५ पासून आंतरराष्ट्रीय बंधन आहे, तरी चोरी चालते. कलमावरचे झाड लवकर फुलते आणि लवकर बी देते. एका फळात पुष्कळ बिया मिळतात. बी स्वस्त झाले की रानातले झाड उपटायला कोण जाईल?

कलम मोठे झाले की त्याला खुंटावरून उतरवताही येते. लिंबाएवढे झाले की खुंटाचा बोटभर तुकडा ठेवून कापावे, दोन आठवडे सावलीत काप वाळू द्यावा, मग कोरड्या वाळूवर बसवावे. मुळे दिसेपर्यंत पाणी नाही. हे मार्च-एप्रिलमध्ये करावे.

ज्यांच्या शेजारी ड्रॅगन फ्रूटची बाग असेल त्यांनी छाटणीच्या वेळी चार वीतभर तुकडे वर्गासाठी मागून आणावेत. काटे लहान असले तरी टोचतात, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. श्रीखंडाचे डबेही चालतील, फक्त घासून आणा, नाहीतर मुंग्या येतात.

— इयत्ता सातवी