शार्त्रच्या खिडक्यांतले पाववाले आणि सुतार

युरोपच्या सहलीत आपण चर्च बहुतेक वेळा बाहेरूनच पाहतो. दारात फोटो काढला की बस सुटते. पॅरिसला जाणार असाल तर एक दिवस वेगळा ठेवा. माँपार्नास स्टेशनवरून रेल्वेने साधारण तासाभरात शार्त्र गाव येतं. इथलं कॅथेड्रल आतून पाहायचं, तेही सावकाश.

११९४ च्या आगीत जुनी इमारत जवळजवळ सगळी जळाली. पश्चिमेचं दार, त्यावरच्या उंच, शिडशिडीत राजा-राण्यांच्या मूर्ती आणि वरच्या तीन खिडक्या वाचल्या. नवी वास्तू गॉथिक पद्धतीची झाली. छताचा भार बाहेरच्या कमानींनी पेलला आणि भिंतीत मोठमोठ्या खिडक्या बसवता आल्या.

काच बनायची वाळू आणि लाकडाच्या राखेपासून. कोबाल्टने ती निळी होई, तांब्याने लाल. लाल काच मात्र पूर्ण जाडीची केली तर काळीच दिसते. म्हणून साध्या काचेवर लाल रंगाचा पातळ थर चढवत. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडत.

आता खिडकीसमोर उभे राहा आणि सहसा खालून वर वाचत जा. वर संतांच्या कथा आहेत, पण तळाशी काय आहे? पाव विकणारे, जोडे शिवणारे, चाक घडवणारे! राजघराण्याची चिन्हं उंचावर आणि ही कामकरी माणसं आपल्या नजरेच्या जवळ. त्यांनीच वर्गणी काढून खिडक्या दिल्या, असं पूर्वी सरसकट सांगत. पैसा कुणाचा होता हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही, असं काही अभ्यासक आता म्हणतात. ते काहीही असो, आठशे वर्षांपूर्वीचं दुकान कसं चालायचं, हे इथे दिसतं.

या काचा आज जागेवर आहेत, कारण १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर त्या उतरवून पेट्यांत भरून सुरक्षित ठेवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या परत बसवल्या.

अलीकडच्या वर्षांत भिंतींची काजळी काढून त्यांना फिकट रंग दिला गेला, आणि त्यावरून मोठा वाद झाला. अंधार गेला, जादूही गेली, अशी तक्रार आहे. तिच्यात तथ्य आहे, कारण काच अंधारातच पेटते. पण खिडक्या पहिल्यांदा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही काजळी नव्हतीच. तेव्हा माझं मत सफाईच्या बाजूने.

जाताना छोटी दुर्बीण न्या. मुलं सोबत असतील तर त्यांना नोहाच्या खिडकीपाशी न्या आणि तळाशी सुतार शोधायला सांगा.